अर्ध्या गोळ्यांच्या पुड्या

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन वाजला की तुझ्या छातीत धडधडतं, म्हणून बहिणीला पत्रं लिहायला लावतोस. त्या निमित्ताने माझं अक्षर सुधारलं, एवढा फायदा कबूल करते.

इकडे सगळं ठीक. आमच्या इमारतीचा सतरावा मजला झाला, आता पाण्याची टाकी आणि गच्चीचा कठडा तेवढा उरलाय. रोज सकाळी सातला क्रेनची शिडी चढते. दोनशे चाळीस पायऱ्या, मध्ये दोनदा दम खाऊन. वर केबिनमध्ये माझी उशी, पाण्याची बाटली आणि तू दिलेलं घड्याळ. खालून इशारे द्यायला साइटवरचे आमचे काका आहेतच. घरी मला बुटकी म्हणतात हे एकदा माझ्या तोंडून निसटलं, तेव्हापासून ते वॉकीटॉकीवर मला दुसऱ्या नावाने हाक मारत नाहीत. सगळ्यात उंच बसते ती बुटकी, याचं त्यांना अजून हसू येतं.

आता मुद्द्याचं. मी गोळी बंद करायचं ठरवलंय. अडीच वर्षांपूर्वीचा तो दिवस तुला माहीत आहे. सळयांचा भारा हवेत आणि माझे हात दांड्यावर गोठलेले. श्वास पुरत नव्हता, आपण आता मरणार अशी खात्री झाली होती. काकांनी बोलत बोलत तो भारा माझ्याकडून उतरवून घेतला, मग मला उतरवलं. त्याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात हे नंतर कळलं. पुढचे चार महिने मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून परत फिरायचे. तेव्हा डॉक्टरांनी ही गोळी दिली. नैराश्यावरची म्हणून ती ओळखली जाते, पण अशा भीतीच्या आजारालाही देतात. त्या गोळीने आणि समुपदेशक बाईंनी मिळून मला पुन्हा वर चढवलं, हे मी विसरलेली नाही.

पण एप्रिलमध्ये नवं काम सुरू होतंय, याच्या दुप्पट उंचीचं, काकाही तिथे येणार आहेत. तिथल्या वैद्यकीय अर्जात एक रकाना आहे, नेहमीचं औषध चालू आहे का म्हणून. मला तिथे ‘नाही’ लिहायचंय. डॉक्टरांची वेळ थेट मार्चच्या मध्यावर मिळाली. हळूहळू कमी करता येईल असं ते मागेच म्हणाले होते, मग उगाच वाट कशाला बघायची? अडचण एकच. ही गोळी याहून लहान मिळत नाही, आणि मी सुरीने अर्धी करायला गेले की चुरा होतो. तुझा घड्याळजीचा हात मला नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी
बुटकी

&nbsp;

११ जानेवारी

चि. बुटकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्या गोळीला मी पहिल्यापासून कुबडी म्हणत आलोय आणि तू माझ्यावर चिडत आलीस. आता स्वतःच टाकून द्यायला निघालीस. आपल्या घरातली माणसं मनाने घट्ट असतात, उशिरा का होईना तुझ्या लक्षात आलं.

चुरा होतो कारण तू सुरी वापरतेस. गोळ्यांची पाकिटं माझ्याकडे पाठवून दे. माझ्याजवळ केसासारखी बारीक करवत आहे, डोळ्याला लावायचं भिंग आहे आणि घड्याळाच्या सोनेरी पट्ट्या तोलायचा काटा आहे. दोन अर्धुकांमध्ये फरक निघाला तर दुकानावरची पाटी उतरवीन. घड्याळाचे स्क्रू हरवू नयेत म्हणून मी कागदाच्या पुड्या बांधतो, तशाच तुला बांधून पाठवतो, वर तारीख घालून. आधी अर्ध्या, तीन आठवड्यांनी पाव, मग काही नाही. एप्रिलच्या आत मोकळी होशील.

तुझी क्रेन बघायला यायचं मनात होतं. पण शाळेचं मोठं घड्याळ दुरुस्तीला आलंय, ते सोडून निघता येत नाही. दुकानाच्या दाराची घंटा मी काढून टाकली. उगाच दचकायला होतं. गिऱ्हाइकं आता काचेवर टकटक करतात, तेच सभ्य वाटतं. तुझी वहिनी मला हसते. हसू दे.

जपून चढत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा

&nbsp;

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुड्या मिळाल्या. तुझ्या हाताला तोड नाही. एक कण सांडलेला नव्हता, कडा तर अशा की गोळी अर्धीच जन्माला आली असावी. आमच्या काकांना दाखवल्या, त्यांनी तुला सलाम सांगितलाय.

पण दादा, माझं काही खरं दिसत नाही. चौथ्या दिवसापासून सुरू झालं. डोळे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेले की डोक्यात विजेचा बारीक झटका बसतो. शब्दशः वीज, जिभेच्या शेंड्यापर्यंत जाते. सकाळ कशीबशी जाते. दुपारनंतर जमीन हलायला लागते, मळमळतं, हातापायांना मुंग्या येतात. परवा बिस्किटाचा पुडा उघडता येईना म्हणून स्वयंपाकघरात खाली बसून रडले. मग कसली तरी भीती दाटून आली, थेट जुन्या ओळखीची. आजार परत आला, दुसरं काय.

घाबरू नकोस, मी वर चढत नाहीये. पहिल्याच झटक्याला काकांना सांगितलं आणि उतरले. मुकादमाला म्हटलं, मला चक्कर येतेय, मी काही दिवस खालीच काम करते. सध्या भारा उचलायचे पट्टे आणि लोखंडी आकडे तपासते, तारेच्या दोरांना ग्रीस लावते. माझ्या जागी वर एक नवा माणूस बसतो. चांगला आहे. त्याने माझी उशी बाजूला ठेवली एवढंच मला लागलं.

पण मी मागे फिरणार नाही. पावाच्या पुड्या पाठव. एकदाच काय ते सोसून संपवते. लोभ कमी करू नकोस, सध्या तोच पुरवून वापरतेय.

तुझी
बुटकी

&nbsp;

९ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वाईट वाटलं, पण तुझा निश्चय बघून अभिमानही वाटला. हे झटके म्हणजे त्या गोळीने तुझ्यात किती मुळं धरली होती त्याचा पुरावा आहे. व्यसनच म्हण ना. म्हणून तर ती उपटायलाच हवी. पावाच्या पुड्या सोबत आहेत. या खेपेला प्रत्येक तुकडा वेगळा तोलला.

तुला एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगितलेली नाही. धडधड मलाही होते. बरीच वर्षं होते. मी कुठे गोळ्या घेत बसलो? जिथे धडधडतं तिथे जायचं नाही, बस. दुकान, घर, समोरचा वाणी. माणसाचं सगळं भागतं. जमलं तर तूही असं काही बघ. ग्रीसचं काम वाईट नाही.

घट्ट राहा. माझा आशीर्वाद पाठीशी आहेच, तो मोजून देत नाही.

तुझा
दादा

&nbsp;

१० फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या वहिनीचं आहे. वेगळ्या पाकिटात घातलंय, कारण तुझ्या दादांच्या पाकिटात ते राहिलं नसतं. आधी एक काम कर. त्यांनी पाठवलेल्या पावाच्या पुड्या आल्या असतील तर तोंडात घालू नकोस.

तुझं पत्र टेबलावर होतं, मी वाचलं. मला काही ते पटेना. गोळ्यांचं रिकामं पाकीट घेतलं आणि चौकातल्या औषधवाल्याकडे गेले. करवतीने कापून देतात म्हणून सांगितल्यावर त्या माणसाने चष्माच काढून ठेवला. या गोळीला वरून एक थर असतो म्हणे, तो दिवसभर औषध थोडं थोडं सोडत राहतो. ती कधीच कापायची नसते, अख्खी गिळायची असते. कापली की सगळं औषध सकाळी एकदम अंगात उतरतं आणि दुपारनंतर अंग रिकामं. म्हणजे तू औषध कमी करत नव्हतीस, रोज एकदा बंद करत होतीस. यांनी तोलून मापून तुला दिवसातून एकदा खाली पाडलं. पाकिटातल्या कागदावर हे ठळक छापलेलं असतं असंही तो म्हणाला. तो कागद तू वाचला नाहीस, यांनी वाचला नाही. दोघं भावंडं कारागिरीतच गुंग. मार्चची वाट बघू नकोस, उद्याच दवाखान्यात जाऊन बस आणि उठूच नकोस.

आता दुसरं. गेली नऊ वर्षं तुझे दादा बँकेच्या कोपऱ्यापुढे गेलेले नाहीत. माझे वडील गेले तेव्हाही नाही. दर पत्रात तू कुठलं घड्याळ अडलंय ते वाचतेस ना? शाळेचं मोठं घड्याळ नोव्हेंबरातच दुरुस्त होऊन परत गेलं. मी इतकी वर्षं झाकत आले, आता कंटाळले. मी सांगितलं म्हणून त्यांना खुशाल सांग. मी काही त्यांना घाबरत नाही, ते मात्र सगळ्याला घाबरतात.

तब्येतीचं लगेच कळव. जीव लागून राहिलाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी
वहिनी

&nbsp;

२२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने मला लिहिलंय, तुला माहीत असेलच. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव. औषधाचा तो कागद मी घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला होता. परवा काढून वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलंय, अख्खी गिळावी.

डॉक्टरांनी मला तासभर फैलावर घेतलं, मग नीट समजावलं. पुन्हा अख्खी गोळी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी झटके थांबले, जमीन जागेवर आली. त्यावरूनच ओळखायचं म्हणाले. जुना आजार परततो तो बहुतेक हळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि जुन्याच रूपात. हे माझं चार दिवसांत आलं आणि पूर्वी कधी नव्हते असे झटके घेऊन आलं. ती औषध एकदम तुटल्याची लक्षणं. मी त्यांना तुझा व्यसनाचा मुद्दा सांगितला. ते म्हणाले, व्यसनात माणूस औषधाच्या मागे धावतो, जास्त जास्त मागतो. इथे शरीराला सवय होते, आणि सवय मोडायला वेळ द्यावा लागतो. कुणाला काहीच होत नाही, कुणाला फार होतं, आधी सांगता येत नाही. गोळी सुरू करताना हे मला पुरेसं सांगितलं नव्हतं, हेही त्यांनी कबूल केलं. तेवढ्याने माझा त्यांच्यावर पुन्हा विश्वास बसला.

आता त्याच जातीचं पातळ औषध देणार आहेत, पिचकारीने मापून घ्यायचं. दर महिन्याला थोडं कमी, आणि जितकं खाली येऊ तितकं आणखी हळू. शेवटचा थोडासा भागच सगळ्यात अवघड असतो म्हणाले. मला हसू आलं. दादा, हे मला शिकवायला हवं का? वीस मजले भारा कसाही वेगाने उतरवा, शेवटचा हातभर मुंगीच्या पावलांनी उतरवतात. तिथे घाई केली की पट्टा निसटतो, खालच्या माणसाचा पाय जातो. हे मी रोज करते, आणि स्वतःच्या डोक्याचा भारा मात्र तीन आठवड्यांत टाकून मोकळी व्हायला निघाले होते.

अर्जात ‘होय’ लिहीन. खोट्या ‘नाही’पायी काकांच्या डोक्यावर भारा लटकवायचा नाही, एवढं पक्कं केलंय. त्यांनी नाही घेतलं तर ग्रीस लावीन, पण खालीच राहायचं म्हणून नाही, पुन्हा वर जायचं म्हणून.

आणि आता तुझं. जिथे धडधडतं तिथे जायचं नाही, असं लिहिलंस. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मीही हेच म्हणत होते. फरक इतकाच, की मला रोज कामावर जायचं होतं आणि तुझं काम तुझ्या घराखाली आहे. नऊ वर्षं, दादा. मी तुला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, माझा भाऊ मला भेटायला येत नाही म्हणून. तुलाही हाच आजार आहे. उत्तर दे, घड्याळाचं कारण देऊ नकोस.

पुड्यांचा राग माझ्या मनात नाही. लोभ आहे आणि तो आता गप्प बसणारा नाही.

तुझी
बुटकी

&nbsp;

६ एप्रिल

चि. बुटकीस,
आशीर्वाद.

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. चार पत्रं लिहून फाडली.

मी तुला इजा केली. काट्यावर तोलून, भिंग लावून केली. परक्याचं घड्याळसुद्धा मी आतली रचना कळल्याशिवाय उघडत नाही, आणि तुझी गोळी करवतीखाली धरली. त्याचं कारण मी शोधत होतो आणि ते सापडलं आहे. मला तुझी गोळी बंद झालेली हवी होती. तुला ती लागते म्हणजे मलाही लागेल, हे मला कळत होतं. तू तिच्यावाचून उभी राहिलीस की माझं खरं ठरणार होतं. तुझ्यावर मी स्वतःची बाजी लावली.

हो, मला हाच आजार आहे. पहिल्यांदा बँकेच्या रांगेत झालं. पुढचं तुझ्या वहिनीने लिहिलंय.

आता विचारतो ते सरळ सांग, मोठा भाऊ म्हणून सांभाळून घेऊ नकोस. सुरुवातीला काय होतं? काय मिळतं आणि काय जातं? एकदा घेतली की बाहेर पडता येतं का? तुझे ते विजेचे झटके वाचल्यापासून मला गोळीची पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटते. तू पुन्हा घेतली असतीस का?

मी लोभ मागण्याच्या लायकीचा नाही, तरी मागतो.

तुझा
दादा

&nbsp;

१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पहिले दोन आठवडे वाईट. मळमळ, जांभया, आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढते. बहुतेक जण तिथेच सोडतात, तू सोडू नकोस, पण फारच वाढली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. महिन्या-दीड महिन्याने एक दिवस मला कळलं, की मी शिडी चढताना डबा काय आणलाय याचा विचार करत होते. मिळालं ते एवढंच, आणि माझ्यासाठी ते फार होतं.

गेलंही थोडं. घाम जास्त येतो. आनंद आणि दुःख दोन्ही जरा दुरून येतात. आपली मावशी गेली तेव्हा मला हवं तेवढं रडता आलं नाही, ते अजून डाचतं. आणि बाहेर पडणं सोपं नाही, ते तू माझ्या पत्रांत वाचलंस. पडता येतं का? बऱ्याच जणांना येतं, वेळ लागतो, करवत लागत नाही. नुसत्या समुपदेशनानेही काहींचं भागतं, आधी तेही विचार. काय घ्यायचं ते तुझ्या डॉक्टरांनी आणि तू मिळून ठरवा. मी सांगितलं म्हणून घेऊ नकोस, मी घाबरवलं म्हणून टाळूही नकोस.

मी पुन्हा घेतली असती. फक्त पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की उतरायचं कसं.

नव्या कामावर अर्जातला ‘होय’ वाचून त्यांनी डॉक्टरांचं पत्र मागितलं, चक्कर तपासली आणि मला घेतलं. मात्रा कमी केली की तो आठवडा मी खाली काम करायचं, ही अट मीच घातली. काल वर चढले. चारशे दहा पायऱ्या. काका खाली होते, उशी वर होती.

तुझ्या उत्तराची नाही, तुझीच वाट बघते. लोभाचं काय विचारतोस, वेड्या.

तुझी
बुटकी

&nbsp;

२१ ऑक्टोबर

चि. बुटकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल संध्याकाळी सुखरूप घरी पोचलो. तुझ्या टेबलाचा पाय मी नीट करून आलोय, आता तिथे कुठला कागद सरकवू नकोस.

समोर बसून जे बोलता आलं नाही ते लिहितो. मेपासून मी गोळी घेतोय आणि समुपदेशक बाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज एकेक दुकान पुढे जातोय, हे तुला माहीत होतं. बँकेच्या रांगेत मी जुलैत उभा राहिलो. पण येताना बसमध्ये मी दोन थांब्यांवर उतरायला उठलो होतो, हे माहीत नसेल. वहिनीने अडवलं नाही. फक्त तिकिटं तिच्याकडे आहेत म्हणाली. मी बसलो.

पहिल्या दिवशी तू वर होतीस तेव्हा मी रस्त्यापलीकडे कुंपणाशी उभा होतो. काचांची मोठी चौकट आकड्याला लावून तू उतरवत होतीस. काकांचा हात हलत होता. चौकट जमिनीच्या हातभर वर आली आणि थांबलीच असं मला वाटलं. मग दिसलं, ती उतरत होती. मी घड्याळ लावून बघितलं. तेवढ्या हातभराला तू साडेतीन मिनिटं घेतलीस. त्या सगळ्या वेळात माझी छाती धडधडत होती, आणि मी तिथेच उभा होतो. घरापासून इतक्या लांब, नऊ वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

तुझं औषध आता तिसऱ्या हिश्शावर आलंय. शून्यावर जाशील की थोड्यावर थांबशील ते अजून ठरलेलं नाही म्हणालीस. नसू दे. मी आता कुठलाही महिना सुचवणार नाही. माझे डॉक्टर म्हणतात, वर्षभराने बघू, आणि उतरायचं कसं ते मी पहिल्याच दिवशी विचारून ठेवलंय.

दाराला घंटा पुन्हा लावली. अजून दचकतो, पण वाजते.

दुकानात बसून पुढच्या आठवड्याच्या पुड्या आत्ताच बांधल्या. माझ्या स्वतःच्या. प्रत्येकीवर वार घातला, मग सवयीने एकेक उघडून भिंगातून पाहिली. सगळ्या अख्ख्या आहेत.

लोभ तू केलासच, तो मी आता पेलीन म्हणतो.

तुझा
दादा